पहिला अर्थ

"गिरजा! ओ गिरजा! जल्दी नीचे आओ!"

मिसेस रॉड्रिक्सची हाक आली तेव्हा माझे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात होते. तशीच जिन्यावरून धावत खाली गेले. ही आमची सिकंदराबादची घरमालकीण. तळमजल्यावर ती, वरच्या दोन खोल्यांत आम्ही. फोन फक्त तिच्याकडं, त्यामुळं माझं सगळं माहेर तिच्या हॉलमधल्या त्या काळ्या डबड्यात होतं म्हणा ना.

दारात रिक्षा उभी. मिसेस रॉड्रिक्स भाचीच्या लग्नाला निघालेली, अंगात निळा रेशमी फ्रॉक, हातात पर्स, आणि रिक्षावाला सारखा भोंगा वाजवतोय. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"युअर ब्रदर का फोन था," ती म्हणाली. "युअर फादर इज लिविड. ब्रदर बोला, डोंट कम."

मी नुसती बघत राहिले. तिनं माझ्या पिठाच्या हाताकडं न बघता माझा गाल थोपटला.

"आय ॲम सो सॉरी, चाइल्ड. प्रे करो. सब ठीक होगा."

"यस आंटी. थँक्यू आंटी," मी म्हणाले.

रिक्षा गेली. ती आता परवापर्यंत येणार नव्हती. मी जिना चढायला लागले आणि निम्म्यात थांबले. लिविड म्हणजे काय?

आता तुम्ही म्हणाल, बाई, तिथंच का नाही विचारलंस? तर ते कारण सांगते. माझे वडील, आप्पा, बार्शीच्या हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवत होते. शेटे मास्तर म्हटलं की अजून पन्नाशीतले बाप्ये उगाच शर्टाचं बटण लावतात. आमच्या घरात शब्दाचा अर्थ विचारायची बंदी होती. "अर्थ विचारायचा नसतो, काढायचा असतो," असं म्हणून आप्पा डिक्शनरीकडं बोट करायचे. अर्थ काढला की सुटका नाही. लगेच पुढचं फर्मान, "वाक्यात उपयोग कर." मी आमटीत मीठ कमी पडलंय म्हटलं तरी इंग्रजीत म्हण म्हणायचे. एवढं करून मी इंग्रजीत कच्ची ती कच्चीच. पण आप्पांचा धाक इतका भिनलेला की इंग्रजी मास्तराची पोर होऊन परक्या बाईला अर्थ विचारायला जीभच उचलली नाही.

डिक्शनरी मात्र होती माझ्याजवळ. आप्पांचीच. दोन वर्षांपूर्वी मी घरातनं निघाले तेव्हा पिशवीत दोन साड्या टाकल्या आणि ही तीन शेर वजनाची डिक्शनरी टाकली. का टाकली ते मला आजही सांगता येत नाही. माझी आई मी आठवीत असताना गेली, तिचं असं काही घरात उरलं नव्हतं, आणि आप्पांचं म्हणावं तर हीच एक वस्तू. तपकिरी कागदाचं कव्हर, आत कुठल्या जुन्या काळातली बारीक अक्षरं, आणि पहिल्या पानावर 'वि. म. शेटे'.

निघाले म्हणजे लग्न करायला निघाले. व्यंकटेश चिट्याल. सोलापूरच्या कॉलेजात माझ्या वर्गात होता. पद्मशाली, घरात माग, घरात बोलणं तेलुगू, बाहेर आमच्यापेक्षा झणझणीत मराठी. आम्ही लिंगायत. आप्पांनी आरडाओरडा केला नाही. म्हणाले, "तो चिट्याल चालत असेल तर माझ्या दारात यायचं नाही," आणि पेपर उघडला. मी गेले तरी पेपर खाली घेतला नाही. त्यानंतर व्यंकटेशला रेल्वेत नोकरी लागली आणि आम्ही सिकंदराबादला आलो.

दोन नागपंचम्या मी परमुलखात काढल्या. आमच्याकडं पंचमीला लेक माहेरी गेली नाही तर शेजारणीसुद्धा विचारतात, काय झालं गं. या वेळी राहवेना. थोरल्या भावाला, मल्लूदादाला, मी फोनवर म्हटलं, "आप्पांना विचारून बघ की. फक्त पंचमीपुरती येते. व्यंकटेशला नाही आणत." तो म्हणाला विचारतो. त्याचाच हा फोन. तो बाजार समितीत कारकून, तिथल्या साहेबाच्या फोनवरून करायचा. मिसेस रॉड्रिक्सशी हिंदीत बोलला असता तर काय बिघडत होतं? पण नाही. दादाला इंग्रजी झाडायची भारी हौस.

हात धुतले आणि डिक्शनरी काढली. एल. एल-आय. एल-आय-व्ही. बोट फिरवत फिरवत आले.

'शिशाच्या रंगाचा. मार लागून अगर रक्त साकळून काळानिळा पडलेला.'

पुढं काही नाही. लगेच खाली दुसरा शब्द.

मी ते तीनदा वाचलं.

व्यंकटेश ड्यूटीवरून आला तेव्हा चूल थंड आणि मी डिक्शनरी मांडीवर घेऊन बसलेली. त्याला सांगितलं. त्यानंही वाचलं. त्याचं इंग्रजी माझ्याहून एक इयत्ता पुढं, एवढंच.

"काळानिळा," तो म्हणाला.

"माणूस काळानिळा कधी पडतो रे?"

"पडला बिडला असेल कुठं."

"पडल्यावर एवढं होतं? अख्खा माणूस लिविड?"

तो डोकं खाजवायला लागला. मग म्हणाला, "आमच्या नरसूमामाला साप चावला होता, तेव्हा तो असा सगळा..."

"गप बस!"

"मी आपलं सांगितलं."

परसात जळणाचा ढीग. श्रावण. आप्पांना दिवा न घेता तिकडं जायची खोड. मला सगळं लख्ख दिसायला लागलं.

"वाचला का?" मी विचारलं.

"कोण?"

"तुझा मामा!"

व्यंकटेश उठून माठाकडं गेला. पाणी प्यायला. पुन्हा एक पेला प्यायला.

"व्यंकटेश, मामा वाचला का?"

"तू सामान भर," तो म्हणाला. "गाडी आहे रात्रीची. जाऊ की."

"पण दादा येऊ नको म्हणालाय."

"का म्हणाला असेल?"

त्याचंही उत्तर माझ्याकडं तयार होतं. मला बघवणार नाही असं काहीतरी झालंय, म्हणून म्हणाला. किंवा आता येऊन उपयोग नाही, म्हणून. दादाच्या ऑफिसात फोन लावायला शेजारच्या औषधाच्या दुकानात गेलो, तर शनिवार, त्याचं ऑफिस दुपारीच बंद झालेलं. फोन वाजून वाजून थांबला.

मी दोन साड्या भरल्या. डिक्शनरीपण घातली. आप्पांची वस्तू त्यांना द्यायची राहून गेली तर जन्मभर ती कुठं ठेवू, असं माझ्या मनात आलं आणि मी पहिल्यांदा रडले.

सकाळी सोलापूरला उतरलो. स्टँडवर त्यानं मला बार्शीच्या गाडीत बसवलं, खिडकीतनं बिस्किटाचा पुडा दिला.

"तू चल की," मी म्हणाले.

"मी आईकडं थांबतो. लागलं तर शेजारच्या दुकानात फोन कर, मी लगेच येतो. आत्ता मी नको. तुझे आप्पा मला बघून निळ्याचे लाल व्हायचे."

मी हसले. कालपासूनचं ते पहिलंच हसणं. गाडी सुटली तशी मागच्या बाईनं विचारलं, "माहेरी होय?" मी मान डोलावली. ती म्हणाली, "बरं केलंस बाई, पंचमी जवळ आलीया," आणि मला एक केळं दिलं. ते केळं हातात धरून मी बार्शीपर्यंत गेले. वाटेत सारखं एकच डोक्यात. शेवटचं काय बोलणं झालं आमचं? दारात यायचं नाही. हे शेवटचं ठेवून जाऊ नका आप्पा. हवं तर मला चार शिव्या द्या, पण बोलत असा.

गल्लीत शिरले. घरासमोर मांडव नाही, माणसं नाहीत. कलावती वहिनी नळावर घागर भरत होती. मला बघून घागर तशीच वाहायला लागली.

"अगं बाई! वन्सं! तुम्ही?"

"आहेत का?" मी विचारलं.

"कोण?"

"आप्पा!"

"आहेत की. कुठं जातायत?"

मी चपला दारात उडवल्या आणि आत घुसले.

आप्पा खिडकीशी त्यांच्या लाकडी खुर्चीत बसलेले. हातात पेपर. मला बघून पेपर खाली आला, चष्मा कपाळावर गेला. मी थेट जाऊन त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि उजेडाकडं वळवला. निळा नाही. काळा नाही. आपला नेहमीचा, दाढीचे पांढरे खुंट वाढलेला. ओठ बघितले. मग हात ओढून नखं बघितली.

"काय चाललंय?" आप्पा गरजले. "काय करतेस?"

"रंग बघते."

"कसला रंग?"

"तुमचा!"

"मल्लू!" आप्पांनी हाक मारली. "हिला काय झालंय बघ!"

मल्लूदादा दाढीला साबण लावलेला, ब्रश हातात घेऊन मोरीतनं आला. मला बघून तो दारातच थबकला.

"गिरजे, तुला येऊ नको म्हटलं होतं ना मी?"

"तूच म्हणालास आप्पा लिविड आहेत!"

"मग? होतेच लिविड! तुझं नाव काढलं तर ताट भिरकावलं त्यांनी. ते बघ, पोचा पडलाय ताटाला!"

मी दादाकडं बघितलं. आप्पांकडं बघितलं. मग वहिनीकडं, कारण ती दारात पदर तोंडाला लावून उभी होती आणि मला कळेना ती रडतेय की हसतेय.

"म्हणजे... लिविड म्हणजे रागावले?" मी म्हणाले.

"मग दुसरं काय?" दादा म्हणाला.

"थांब," आप्पा म्हणाले.

तो आवाज मी ओळखते. वर्गात सगळे एकदम गप्प व्हायचे तो.

"मल्लू, हा शब्द तू वापरलास?"

"होय आप्पा."

"बरोबर वापरलास." दादाच्या साबणातनं हसू फुटलं. आप्पांनी माझ्याकडं मान वळवली. "आणि तू काय अर्थ घेतलास?"

"काळानिळा."

"कुणी सांगितला?"

"काढला."

"कशात?"

मी पिशवीतनं डिक्शनरी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. आप्पा तिच्याकडं बघतच राहिले. कव्हरवरनं हात फिरवला.

"ही तू नेलीस?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दोन वर्षं मी घर उलटंपालटं करतोय. मल्लूला म्हटलं, तूच रद्दीत घातलीस. सहा महिने बोललो नाही त्याच्याशी."

"आठ," दादा म्हणाला.

आप्पांनी पान काढलं. न शोधता निघालं, कारण माझं बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टण मी तिथं खूण म्हणून घातलं होतं. वाचलं. ओठ हलले.

"हाही बरोबर आहे," ते म्हणाले. "बरोबर काय, पहिला अर्थ हाच. रंग आधी आला. मुका मार बसून कातडीचा जो रंग होतो ना, तो. राग फार उशिरा चिकटला त्याला. ही डिक्शनरी माझ्या वडिलांच्या वेळची, हिला तो ठाऊकच नाही." आता ते खुर्चीत पुढं सरकले होते, बोट वर झालं होतं. "पण तुम्हा दोघांना मराठी तरी येतं का? आपण काय म्हणतो? रागानं काळानिळा झाला, म्हणतो की नाही? मारून काळानिळा केला, म्हणतो की नाही? शब्द एकच! इंग्रजीत तेच, मराठीत तेच. डोकं चालवलं असतंस तर त्याच अर्थातनं हा अर्थ निघाला असता. साप चावल्यासारखी पळत आलीस ती."

"सापच म्हणत होतो आम्ही," मी म्हणाले.

"आम्ही म्हणजे कोण?"

झालं. खोलीतला वारा पडला. आप्पांनी डिक्शनरी मिटली, बाजूच्या स्टुलावर ठेवली, पेपर उचलला.

"चहा पी," ते पेपरातनं म्हणाले. "पुढच्या गाडीनं जा."

वहिनी चहा आणायला गेली. दादा दाढी पुसायला गेला. मी तिथंच फरशीवर बसले. चांगले होते, जिवंत होते, ताट भिरकावण्याएवढी अंगात ताकद होती. मला देवाचे आभार मानायला हवे होते. पण खरं सांगते, मला इतका राग आला! एक माणूस रात्रभर तुमच्या जिवासाठी गाडीत बसून येतं, आणि त्याला पुढच्या गाडीनं जा? चहा आला तो मी घटाघट प्यायला. जीभ भाजली. पिशवी खांद्याला लावली.

"निघते," मी म्हणाले.

पेपर हलला नाही.

"आशीर्वाद नका देऊ. पण मी नमस्कार करून जाणार. ते काही तुमच्या हातात नाही."

मी वाकले. आणि आप्पांनी दोन्ही पाय सटकन खुर्चीखाली ओढून घेतले.

बापानं पाय मागं घेतले. असं कुणाला होऊ नये. मी तशीच वाकलेली, हात पुढं, आणि समोर नुसती फरशी. उठून चालायलाच लागणार होते. पण पाय ओढताना आप्पांच्या तोंडातनं एक आवाज आला. बारीक, दात दाबून धरलेला. रागाचा आवाज तसा नसतो.

मी मान वर केली. पेपराच्या कडा थरथरत होत्या.

मग माझ्या लक्षात आलं. पायात मोजे. श्रावणातल्या त्या उकाड्यात जाड करडे लोकरीचे मोजे. आप्पांना घरात मोजे घातलेले मी जन्मात बघितले नव्हते.

"वहिनी," मी म्हणाले, "मोजे कशाला?"

"पायाला थंडी वाजते म्हणतात," वहिनी म्हणाली. "पंधरा दिवस झाले. धुवायलासुद्धा देत नाहीत. झोपतानापण तसेच."

"आप्पा, पाय बघू."

"गाडी चुकेल तुझी."

"पाय बघू म्हणते ना!"

"गिरजे, हात लावायचा नाही!"

आता ते खरेच लिविड झाले होते, दादाच्या अर्थानं. कपाळाची शीर तट्ट फुगलेली. पण मी त्यांचीच मुलगी. फरशीवर फतकल मारून बसले, उजवी पोटरी धरली आणि मोजा खाली सोलायला लागले. घोट्यापर्यंत आला आणि पुढं येईना. चिकटला होता. वास आला. वहिनीनं तोंड फिरवलं. मी पाणी मागितलं, भिजवलं, हळूहळू सोडवत गेले. आप्पा आता ओरडत नव्हते. खुर्चीचे हात घट्ट धरून खिडकीबाहेर बघत होते.

अंगठा आणि शेजारचं बोट. काळं. मधूनच निळं, जांभळं, वर पायाकडं सरकत आलेलं. शिशाचा रंग मी कधी बघितला नव्हता, तो त्या दिवशी बघितला.

दादा दारात येऊन उभा होता. माझ्या मांडीवर तो पाय तसाच.

"पहिला अर्थ," आप्पा हळूच म्हणाले.

मी हुंदका दिला तो सगळ्या गल्लीला ऐकू गेला असेल.

आप्पांना साखर होती, गोळी चालू होती. नव्या चपलेनं अंगठा सोलला होता, एवढंच निमित्त. दादा मोटार बघायला धावला, मी शेजारच्या किराणा दुकानातनं सोलापूरला फोन लावला. आप्पांना मागच्या सीटवर आडवं घातलं, पाय माझ्या मांडीवर. दादा पुढं. बार्शी सुटेपर्यंत मी कसाबसा दम धरला.

"वहिनीला का नाही दाखवलं?"

"सुनेपुढं पाय पसरू? शोभतं?"

"दादाला दाखवायचं."

"तो घाबरट. गावभर केलं असतं."

"मी काय ऐकत नाही का?" दादा पुढनं म्हणाला.

"मग मला बोलवायचं होतं!"

बाहेर तुरीची रानं मागं पळत होती.

"तुला कुठल्या तोंडानं बोलावू?" ते म्हणाले.

मी त्यांच्या पोटरीवरनं हात फिरवत राहिले.

"बरं, बोलावलं नाही. पण मी आपणहून येते म्हणाले, तर ताट कशाला फेकायचं?"

"तू आली असतीस तर नमस्काराला वाकली असतीस."

"मग?"

"मग काय? दिसलं असतं तुला."

एवढ्यासाठी या पंचमीला माझं माहेर बंद ठेवलं होतं या माणसानं! मला हसू आलं, आणि हसता हसता रडू. आप्पांनी डोळे मिटले होते, पण हात माझ्या डोक्यावर आला आणि सोलापूर येईपर्यंत तिथंच राहिला.

दवाखान्याच्या दारात व्यंकटेश स्ट्रेचर घेऊन उभा होता. डॉक्टर त्यानंच गाठून ठेवले होते. आप्पांनी त्याला बघितलं आणि मान वळवली. त्यानं तिकडं लक्षच दिलं नाही, मोटारीतनं आप्पांना पोरासारखं उचललं आणि स्ट्रेचरवर ठेवलं. दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं वर चढलं असतं तर पाय वाचला नसता. पाय वाचला.

पंचमी आम्ही दवाखान्यातच केली. व्यंकटेशच्या आईनं पुरणाची दिंडं करून पाठवली, आप्पांना साखर म्हणून फक्त वास दिला. व्यंकटेश रोज यायचा. फळं, औषधं आणायचा, डॉक्टरांशी बोलायचा. पण खोलीत यायचा नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा. मी खुणेनं बोलावलं तर तो खुणेनंच नको म्हणायचा. आप्पा त्याच्याकडं न बघता औषध घ्यायचे. असे आठवडाभर.

एका सकाळी ड्रेसिंग झाल्यावर आप्पा उशीला टेकून बसले. चेहऱ्यावर तकाकी आली होती.

"डिक्शनरी कुठंय?" त्यांनी विचारलं.

दादानं घरून आणली होती. दिली. त्यांनी ते पान काढलं, माझ्याकडं पेन मागितलं, आणि समासात बारीक अक्षरात लिहायला लागले. लिहून झाल्यावर मला वाचायला दिलं. 'दोन. रागाने काळानिळा. अतिशय संतप्त.'

"आता पुरी झाली," ते म्हणाले. "ही घेऊन जा सिकंदराबादला. तुझ्याकडंच राहू दे."

"नको आप्पा. तुम्हाला लागते."

"मला सगळे शब्द येतात. तुला येत नाहीत. असल्या घोळानं पुन्हा पळत येशील." चष्मा वर सरकवला. "वाक्यात उपयोग कर."

"आत्ता?"

"मग कधी?"

दारात व्यंकटेश उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं. मग आप्पांकडं.

"माय फादर वॉज लिविड," मी म्हणाले.

आप्पांनी डोळे बारीक केले. व्याकरणात चूक सापडली की करायचे तसे.

"काळ कोणता?"

"भूतकाळ, आप्पा."

त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात एकदा तपासलं असावं. मग पेनाला टोपण घातलं.

"बरोबर," ते म्हणाले. आणि दाराकडं मान वळवून, जरा खाकरून, "जावई, उभे का? बसा की."